टोकन आज द्या नाहीतर फ्लॅट गेला म्हणतोय एजंट. द्यावं का?

सातारा_रोड
१२ मे, रात्री १०:१०

नमस्कार मंडळी. जरा घाईत लिहितेय, उत्तरंही घाईत दिलीत तर बरं होईल.

नवऱ्याची बदली हिंजवडीला झाली आहे. जूनच्या मध्यावर लेकीची शाळा सुरू होईल, त्याआधी घर लागायला हवं. साताऱ्यात आम्ही नऊ वर्षं एकाच घरात भाड्याने राहतोय, त्यामुळे घर शोधणं हा प्रकार पार विसरलोय. शनिवार-रविवार मिळून वाकडमध्ये अकरा फ्लॅट पाहिले. अकरावा आवडला. टू बीएचके, चौथा मजला, भाडं मेंटेनन्ससकट २८,०००, डिपॉझिट १ लाख. एजंटचं एक महिन्याचं ब्रोकरेज वेगळं.

मालक अमेरिकेत असतात. त्यांचे सासरे चिंचवडला राहतात, ते सगळं बघतात म्हणे. त्यांची अजून गाठ पडलेली नाही. एजंटचं म्हणणं, आज रात्री १०,००० टोकन माझ्या नंबरवर टाका, मी फ्लॅट ब्लॉक करतो, कारण उद्या सकाळी दुसरी पार्टी येतेय. करार दहा दिवसांनी. पावती मागितली तर म्हणाला, "मॅडम, फोनवर दिसतंच की."

टाकावेत का पैसे? आणि उद्या काही बिनसलं तर हे टोकन परत मिळतं का? १ लाख डिपॉझिट जास्त नाही ना?


अर्धवट_चहा
१२ मे, रात्री १०:१९

नका टाकू.

ही दुसरी पार्टी मी २०११ पासून ऐकतोय. बाणेर, खराडी, पिंपळे सौदागर, जिथे जाल तिथे ती उद्या सकाळीच येते. एकदा तरी तिला भेटून चहा पाजायचा आहे.


किल्लीवाली
१२ मे, रात्री १०:४२

ताई, टोकन देणं चूक नाही. कोणाच्या खात्यात जातं ते बघा.

माझा अनुभव. खराडीत फ्लॅट पसंत पडला, एजंटला ८,००० दिले. चार दिवसांनी मालकाने विचारलं, "तुम्ही नॉनव्हेज करता का?" करतो म्हटल्यावर मालक नाही म्हणाला. एजंटकडे पैसे मागितले तर सुरुवातीला "सर बाहेरगावी आहेत", मग "दुसरा फ्लॅट दाखवतो, त्यात ॲडजस्ट करू", मग फोन उचलणंच बंद. मालकाला फोन केला तर त्याला टोकनचा पत्ताच नव्हता! त्याच्या हाती रुपयाही पोचला नव्हता, मग तो परत कशाला देईल? मी मालकावर चिडले होते, पण खरं तर तो बिचारा बरोबरच बोलत होता.

तेव्हापासून एकच नियम. टोकन मालकाच्या खात्यात, आणि खात्यावर जे नाव दिसतं तेच नाव घराच्या कागदावर हवं. एजंटला एजंटचे पैसे, तेही करार झाला त्या दिवशी.


लोकल_७५२
१२ मे, रात्री १०:५०

निदान घर तरी खरं आहे, तुम्ही आत जाऊन आलाय. माझ्या भाच्याने तर न बघता पैसे दिले होते. एका पोर्टलवर फोटो, भाडं आजूबाजूपेक्षा सहा हजारांनी कमी, मालक म्हणे सैन्यात, पोस्टिंग बाहेर. ओळखपत्राचा फोटोसुद्धा पाठवला. घर बघायला सोसायटीचा गेट पास लागेल, त्याचे २,५०० भरा, लगेच परत येतील. परत यायला म्हणून क्यूआर पाठवला, भाच्याने स्कॅन करून पिन टाकला आणि अजून गेले.

पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकलात म्हणजे पैसे तुमच्याकडून जाणार. शिकलेली पोरं, आयटीत कामाला, तरी घर मिळण्याच्या घाईत हे विसरतात. गेलेच तर त्याच घटकेला १९३० वर (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन करायचा, उशीर करायचा नाही. भाच्याने लाजेखातर दोन दिवस घरात सांगितलंच नाही.


दस्तलेखक_नव्हे
१२ मे, रात्री ११:३५

मी वकील नाही, पण दुय्यम निबंधक कार्यालयाच्या आवारात बराच काळ काढलाय. तुमचे प्रश्न उलट्या क्रमाने घेतो.

१ लाख जास्त आहे का? २८,००० भाड्याला साडेतीन महिन्यांचं झालं. पुण्यात दोन ते चार महिने सर्रास मागतात, बंगळूरला दहा-दहा महिन्यांची प्रथा होती. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ मध्ये लिव्ह अँड लायसन्सच्या (आपला नेहमीचा घरभाड्याचा करार) अनामतीला कमाल मर्यादा घातलेली नाही. आता कोणीतरी येऊन म्हणेल की दोन महिन्यांपेक्षा जास्त घेताच येत नाही. ते केंद्राच्या आदर्श भाडेकरू कायद्यातलं. २ जून २०२१ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने तो मंजूर केला, त्यात राहत्या घराला दोन महिने आणि व्यापारी जागेला सहा महिने अशी मर्यादा आहे. पण तो नमुना आहे, राज्याने आपला कायदा त्याप्रमाणे करावा लागतो. आपल्याकडे १९९९ चाच चालतो. तमिळनाडूने स्वतःचा कायदा करून तीन महिन्यांची मर्यादा घातली आहे. तेव्हा व्हॉट्सॲपवरचं पत्रक एजंटला दाखवू नका, तो हसेल. घासाघीस मात्र जरूर करा.

टोकन परत मिळतं का? तुमच्यात जे ठरलं असेल ते. आणि काय ठरलं होतं हे सिद्ध कशाने करणार? "फोनवर दिसतं" हे अर्धंच खरं आहे. पैसे गेले एवढं दिसतं, कशासाठी गेले आणि कुठल्या अटीवर, ते दिसत नाही. म्हणून चार ओळी लिहून घ्यायच्या. स्टँप पेपर वगैरे काही नको, साध्या कागदावर सही घेऊन फोटो, नाहीतर मालकाच्या नंबरवरून आलेला मेसेजही निदान पुरावा म्हणून हाताशी राहतो. मी लोकांना हा मजकूर देतो:

"फ्लॅट क्र. अमुक, सोसायटी अमुक, यासाठी टोकन म्हणून रु. ५,००० आज दि. अमुक रोजी माझ्या खात्यात मिळाले. मासिक भाडे रु. २८,०००, अनामत रु. १,००,०००. टोकनची रक्कम अनामतीत धरली जाईल. दि. अमुकपर्यंत हा फ्लॅट दुसऱ्या कोणाला देणार नाही. तोपर्यंत माझ्या बाजूने करार झाला नाही किंवा मालकीचे कागद दाखवता आले नाहीत तर पूर्ण रक्कम तीन दिवसांत परत करीन. भाडेकरूने स्वतःहून माघार घेतल्यास रु. २,००० वजा करून बाकी परत करीन."

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलंय. मालकालाही काहीतरी हमी हवी ना. ते असलं की सही करायला कोणी कां-कूं करत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, समोरचा माणूस घर द्यायला अधिकारी आहे का? इंडेक्स टू (घरखरेदीच्या नोंदणीचा उतारा) मागा, त्यावर खरेदीदाराचं नाव असतं. सोबत मिळकत कराचं चालू बिल आणि लाइट बिल. तुमच्या बाबतीत सासरेबुवांकडे कुलमुखत्यारपत्र (मालकाच्या वतीने सही करायचा लेखी अधिकार, पॉवर ऑफ ॲटर्नी) आहे का? परदेशात केलेलं असेल तर ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांत इथलं मुद्रांक शुल्क भरलेलं असायला हवं. नुसतं "जावयाने सांगितलंय" यावर करार नोंदत नाही.


सातारा_रोड
१२ मे, रात्री ११:५१

बाप रे. आज रात्री पैसे टाकत नाही. सासऱ्यांचा नंबर मागितला तर एजंट म्हणाला, "त्यांना डिस्टर्ब केलेलं आवडत नाही." सकाळी पुन्हा मागते.


आकडेमोड
१३ मे, सकाळी ७:२८

मालक अमेरिकेत आहे हे वाचून थांबलो. वरच्या कोणीच मुख्य गोष्ट लिहिली नाही.

मालक आयकराच्या दृष्टीने अनिवासी असेल तर भाडं देताना कर कापून भरायची (टीडीएस) जबाबदारी भाडेकरूची. ३० टक्के, वर सेस. इथे महिना ५०,००० भाड्याची पायरी लागू नाही, ती निवासी मालकासाठी. अनिवासी मालकाला पहिल्या रुपयापासून कापायचा. परत मिळणाऱ्या अनामतीचा यात संबंध नाही, दर महिन्याच्या भाड्याचा आहे. मालकाला कमी कपातीचं प्रमाणपत्र काढता येतं, पण ते त्याने काढायचं.

कोण कापतं, असं विचाराल. फार कोणी कापत नाही. पण नोटीस आली तर ती भाडेकरूच्या नावाने येते, आणि तोवर मालक तिकडे, तुम्ही तिसऱ्याच घरात. म्हणून भाडं ठरवतानाच हे बोलून घ्या. बरेच अनिवासी मालक म्हणतात, भाडं आईच्या खात्यात टाका. घर आईच्या नावावर नसेल तर त्याने काही फरक पडत नाही.


अर्धवट_चहा
१३ मे, सकाळी ८:०३

म्हणजे आधी डिपॉझिट द्या, मग ब्रोकरेज द्या, मग मालकाचा इन्कम टॅक्सही तुम्हीच भरा. त्याच्या मुलांच्या मुंजीचा आहेरपण करारात घाला.


मालक_आहे_पण
१३ मे, सकाळी ९:१५

इथे नेहमीप्रमाणे मालक म्हणजे खलनायक. जरा आमचंही ऐका.

निवृत्त माणूस आहे. चिंचवडला एक वन बीएचके, त्याच्या भाड्यावर औषधपाणी चालतं. २०२२ मध्ये एक कुटुंब ठेवलं. डिपॉझिट दोन महिन्यांचं घेतलं, कारण बाई म्हणाल्या, सर अडचण आहे. आठ महिने व्यवस्थित. मग भाडं थांबलं. पहिला महिना "पगार झाला नाही", दुसरा महिना "डिपॉझिट आहेच की तुमच्याकडे". चौथ्या महिन्यात रात्री टेम्पो लावून गेले. महावितरणचं ९,२०० बिल, किचनच्या तीन ट्रॉल्या मोडलेल्या, बेसिन फुटलेलं, आणि बेडरूमच्या दाराला बाहेरून कडी कशासाठी लावली होती ते अजून कळलं नाही. दोन महिन्यांच्या डिपॉझिटमध्ये यातलं काय भागतं?

आता तीन महिने घेतो आणि भाडं दहा तारखेच्या आत. याला कोणी हाव म्हणो.


किल्लीवाली
१३ मे, सकाळी ९:४०

काका, तुमचं वाईट झालं हे खरंच. पण मग जे भाडेकरू नीट राहतात, त्यांचं डिपॉझिट वेळेवर का मिळत नाही? पाच घरं बदलली. एकाही मालकाने चावी घेताना चेक दिला नाही. "नवीन पार्टी आली की तिच्या डिपॉझिटमधून देतो", हे वाक्य तिघांनी शब्दशः म्हटलंय. म्हणजे माझे पैसे त्यांच्याकडे नाहीतच! कोणी गाडीला लावले, कोणी मुलाच्या फीला.

यावर माझा उपाय सरळ आहे. नोटीस दिली की शेवटचे दोन महिने भाडं देत नाही. वळतं करा म्हणते.


मालक_आहे_पण
१३ मे, सकाळी ९:५८

हेच! माझ्या त्या भाडेकरूनेही हेच केलं. त्याच्यात आणि तुमच्यात मला बाहेरून फरक कसा कळायचा, तेवढं सांगा.

आणि कबूल करतो, डिपॉझिट माझ्याकडूनही खर्च झालं होतं एकदा. हिच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला. त्या मुलाला सहा आठवडे थांबावं लागलं. चांगला मुलगा होता, बोलला नाही काही. ते मनात आहे. नंतर मात्र बँकेत वेगळी एफडी करून ठेवतो, मुदत ११ महिने.


झब्बू
१३ मे, सकाळी १०:११

मुदत ११ महिने, बघा, आजाराच्या औषधाला पण अकरा महिने. :)

जाता जाता, भाडेकरार अकराच महिन्यांचे का असतात कोणी सांगेल का?


दस्तलेखक_नव्हे
१३ मे, सकाळी १०:५०

झब्बू, नोंदणी कायद्याप्रमाणे वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची नव्हती. म्हणून अकरा महिन्यांचा करायचा, नोटरीकडे शिक्का मारायचा, काम झालं. गंमत अशी की महाराष्ट्रात ती पळवाट कधीच बुजली. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स लेखी हवा आणि नोंदलेला हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की तीन. नोंदणी करणं मालकाची जबाबदारी. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. कारण गेलं, सवय उरली.

भाडेकरूंनी त्याच कलमाचा पुढचा भाग पाठ करून ठेवावा. करार नोंदलेला नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. नोटरीवर पैसे वाचवणारे मालक इथे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात.

खर्च म्हणाल तर पूर्ण मुदतीचं भाडं, अधिक परत न मिळणारी रक्कम असेल तर ती, अधिक अनामतीवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क. सातारा_रोड यांच्या आकड्यांना अकरा महिन्यांसाठी ते ८०० येतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. वर दस्त हाताळणी शुल्क आणि घरी अंगठ्याचं यंत्र घेऊन येणाऱ्याची फी.

किल्लीवाली, शेवटच्या महिन्यांचं भाडं थांबवणं बहुतेक करारांत स्पष्ट मना असतं. ते करायचंच असेल तर पहिल्या दिवशी लिहून घ्या, "नोटिशीच्या काळातील एका महिन्याचे भाडे अनामतीतून वळते करण्यात येईल". एका महिन्याला बरेच मालक हो म्हणतात. मागाहून केलं तर तुम्ही करार मोडलात असंच दिसतं.

काका, तुमच्यासाठीही आहे कायद्यात. मुदत संपूनही भाडेकरू हलला नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि राहिलेल्या दिवसांची नुकसानभरपाई दुप्पट दराने. पण करार नोंदलेला हवा. तुमचा होता का?


मालक_आहे_पण
१३ मे, सकाळी ११:०२

नोटरी.


सुपारी_कात्री
१३ मे, दुपारी १२:३०

व्याज १० टक्के धरतात म्हणजे ते आम्हाला मिळतं का?


दस्तलेखक_नव्हे
१३ मे, दुपारी १२:४१

छे. ते फक्त सरकारने आपलं शुल्क मोजण्यापुरतं.


झब्बू
१३ मे, दुपारी १२:४४

महावितरण बरं की मग. अनामत घेतं, पण वर्षाला त्यावरचं व्याज बिलात वळतं करतं. महावितरणला कोणी बरं म्हणेल असं वाटलं नव्हतं.


गिरगावकर
१३ मे, दुपारी २:१५

तुमची डिपॉझिटं निदान परत मागता येतात. आमच्या वडिलांनी चाळीतल्या दोन खोल्यांसाठी पागडी (जागा मिळवायला एकरकमी द्यायची, परत न मिळणारी रक्कम) मोजली ती रोख, रात्री, मालकाच्या मेहुण्याच्या दुकानात. पावती मागायची सोय नव्हती, कारण १९४७ च्या भाडे कायद्याने पागडी घेणं गुन्हा होता. भाडं पावतीवर आणि पागडी शब्दावर. ३१ मार्च २००० ला नवा कायदा लागू झाला तेव्हा कुठे कलम ५६ ने ती कायदेशीर झाली. वडील म्हणाले, आता पावती मागू का रे? तोवर मालक जाऊन वीस वर्षं झाली होती.

मुंबईतल्या नव्या लोकांनी हेवी डिपॉझिटपासून जपून राहावं. आठ-दहा लाख एकरकमी द्यायचे, महिन्याला भाडं शून्य. ऐकायला गोड. आमच्या ओळखीतल्या एकाने असे दिले, आणि वर्षाने बँकेची माणसं दारावर नोटीस चिकटवून गेली. मालकाने कर्ज काढून हप्ते थकवले होते. एक लाख अडकणं निराळं आणि बायकोचे दागिने मोडून भरलेले दहा लाख अडकणं निराळं.


थेम्सकाठी
१३ मे, दुपारी ४:०५ (तुमच्याकडची वेळ)

परदेशची फुशारकी म्हणून नाही, पण टोकनचा विषय निघालाय म्हणून लिहिते. मी इंग्लंडमध्ये आठ वर्षं भाड्याने राहतेय. इथे टोकनला होल्डिंग डिपॉझिट म्हणतात. १ जून २०१९ पासूनच्या कायद्याने ते एका आठवड्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. सहसा पंधरा दिवसांत करार व्हायला हवा, आणि घरमालकानेच माघार घेतली तर पैसे परत. आपण खोटी माहिती दिली किंवा आपणच मागे हटलो तर जातात. थोडक्यात दस्तलेखक यांचा चार ओळींचा कागद.

मुख्य डिपॉझिट बहुतेक घरांना पाच आठवड्यांचं, आणि ते नुसतं घरमालकाच्या भरवशावर राहत नाही. तीस दिवसांत सरकारमान्य योजनेत नोंदवावं लागतं, नाही नोंदवलं तर रकमेच्या एक ते तीन पट भरपाई. २००७ पासून आहे हे. म्हणजे किल्लीवालीचं "माझे पैसे त्यांच्याकडे नाहीतच" हे दुखणं इथेही होतंच, म्हणून तर कायदा आला.

तरी भांडणं होतातच. मला पहिल्या घरात ओव्हन आणि गालिच्यावरून १८० पौंडांना कापलं. योजनेकडे तक्रार केली. त्यांनी विचारलं, राहायला आलात त्या दिवसाचे फोटो आहेत का? माझ्याकडे फोटो होते ते खिडकीतल्या बर्फाचे. घरमालकाकडे बावीस पानी अहवाल होता, माझ्याच सहीचा, मी न वाचता केलेल्या. हरले. दुसऱ्या घरात पहिला दिवसभर सामान न उघडता फोटोच काढत बसले, नवरा वैतागला. ते घर सोडताना त्यांनी पडद्याच्या दांडीचे पैसे लावले, मी फोटो पाठवला, एका मेलमध्ये पूर्ण रक्कम आली.


बर्लिनचा_वडा
१३ मे, दुपारी ४:३०

+१. जर्मनीत तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत, तेही तीन हप्त्यांत देता येतं. पण चावी देताना दोघांनी मिळून खोलीखोलीतून फिरत यादी करायची आणि सह्या करायच्या, हे मला कायद्यापेक्षा कामाचं वाटलं. नळ गळतो इथपासून लिहितात. पुण्यात आईच्या फ्लॅटला आम्ही तसंच केलं, भाडेकरू आधी घाबरला, त्याला वाटलं आम्ही काहीतरी लिहून घेतोय. मग त्यानेच दोन गोष्टी जास्तीच्या सांगितल्या.


किल्लीवाली
१३ मे, संध्याकाळी ६:२०

पुण्यात त्या यादीत खिळे मोजून लिहा. माझ्याकडून एकदा दोन खिळ्यांपायी पूर्ण हॉलच्या रंगाचे ११,००० कापले. आम्ही तीन वर्षं राहिलो होतो. तीन वर्षांनी रंग कोणीही काढतोच ना?


झब्बू
१३ मे, संध्याकाळी ६:२५

निवडणुकीत अनामत जप्त व्हायला एक षष्ठांशापेक्षा कमी मतं पडावी लागतात. पुण्यात दोन खिळे पुरतात.


सातारा_रोड
१४ मे, रात्री ९:३०

अपडेट. काल दुपारी नंबर मिळाला एकदाचा. सासरे अगदी सज्जन. टोकन मागितल्याचं त्यांना ठाऊकच नव्हतं, म्हणाले, "एजंट घेतात काहीतरी, मी त्यात पडत नाही." इंडेक्स टू लगेच पाठवला, नाव बरोबर होतं. कुलमुखत्यारपत्राचं विचारलं तर म्हणाले, २०१६ चं आहे, शोधतो. टीडीएसचं विचारलं तर जावयाला विचारतो म्हणाले.

आज सकाळी फ्लॅट गेला. ती दुसरी पार्टी खरीच होती. जळगावचं जोडपं, त्यांनी काल सकाळीच एजंटला दहा हजार दिले.

चिडचिड झाली, खोटं कशाला बोलू. लेकीने त्या बाल्कनीत झोपाळा कुठे टांगायचा ते ठरवून टाकलं होतं. नवरा म्हणतोय, त्या धाग्यावरच्या लोकांना सांग, घर द्या आता.


अर्धवट_चहा
१४ मे, रात्री ९:४४

अरेरे. १४ वर्षांत पहिल्यांदा खरी निघाली. माफी असावी.


लोकल_७५२
१४ मे, रात्री १०:०२

ताई, मेमध्ये सगळेच घरं बदलतात, म्हणून एजंट शेर असतात. पण जूनच्या पहिल्या आठवड्यात रिकामी होणारी घरंही आत्ताच कळतात. वाकडचा हट्ट सोडा, रावेत-पुनावळे बघा, भाडं तीन-चार हजारांनी उतरतं. शाळेची बस येते का तेवढं आधी विचारा.


सातारा_रोड
२९ मे, रात्री ८:५०

घर मिळालं. पुनावळे. भाडं २४,०००, डिपॉझिट ७२,०००. मालक निगडीचे, स्वतः दाखवायला आले. बाल्कनी पश्चिमेची आहे, दुपारी तापते. असो.

तो मजकूर कागदावर लिहून नेला होता. मालकांनी दोनदा वाचला. मला वाटलं आता रागावणार. तर म्हणाले, २,००० चं ५,००० करा, मागच्या वेळी एकाने पंधरा दिवस अडकवून ठेवलं आणि आलाच नाही. घासाघीस होऊन ३,००० वर आलं. टोकन ५,००० त्यांच्याच खात्यात. बाकीचे ६७,००० करार नोंदला त्याच दिवशी, बँकेतून. नोटिशीच्या महिन्याचं भाडं वळतं करायला ते नाही म्हणाले, पण चावी दिल्यापासून पंधरा दिवसांत डिपॉझिट परत आणि रंगाचे पैसे कापायचे नाहीत हे करारात आलं. त्यावर त्यांची अट, भिंतीत नवीन भोक पाडायचं तर आधी विचारायचं. योग्यच आहे.

अंगठ्याचं यंत्र घेऊन मुलगा घरी आला. नवऱ्याचा अंगठा तीन वेळा लागेना, शेवटी मधल्या बोटावर काम झालं.

फोटो ६३ काढले. काढताना लक्षात आलं की गीझर चालू होत नाही आणि मागच्या बाल्कनीच्या सरकत्या दाराची काच खालच्या कोपऱ्यात तडकलेली आहे. घर बघताना दोन्ही वेळा दिसली नव्हती. मालकांनाही माहीत नव्हती. सगळे फोटो त्यांना त्याच दिवशी पाठवले, त्यांनी "ओके, गीझरवाला सोमवारी" असं उत्तर दिलं, त्याचा स्क्रीनशॉट ठेवलाय. सोसायटीने लिफ्टसाठी वेगळे २,००० डिपॉझिट मागितले, ते मात्र कोणीच सांगितलं नव्हतं. पावती घेतली.


दस्तलेखक_नव्हे
२९ मे, रात्री ९:१०

उत्तम. पोलीस पडताळणीची ऑनलाइन नोंद मालकांकडून करून घ्या आणि पोच जपून ठेवा. नोंदलेल्या कराराची प्रतही मागून घ्या, शाळेला आणि गॅसला लागते.


मालक_आहे_पण
२९ मे, रात्री ९:३५

हा फोटोंचा प्रकार मीही करणार. नवीन भाडेकरू एक तारखेला येतोय. नोंदणी करतोय या वेळी.


सातारा_रोड
९ जून, सकाळी १०:२०

शेवटचं एक, मग हा धागा खाली जाऊ दे.

काल साताऱ्याचं घर सोडलं. तिथलं डिपॉझिट २५,०००, नऊ वर्षांपूर्वी माझ्या सासऱ्यांनी रोख दिलेलं. करार नाही, पावती नाही, काही नाही. हा धागा वाचून मला धाकधूक, त्यातून सासरे आता नाहीत. घरमालक काका निवृत्त तलाठी. टेम्पो भरत होता तोवर ते आतून एक वही घेऊन आले. त्यात पान काढून दाखवलं, तारीख, रक्कम, नोटा कुठल्या किती, खाली सासऱ्यांची सही. मग पाकीट दिलं. आत २४,५८८ रुपये आणि एक चिठ्ठी: शेवटचं लाइट बिल ४१२ वजा, बिलाची झेरॉक्स जोडली आहे. सुट्टे आठ रुपयेसुद्धा पाकिटात.

मी म्हटलं, काका, हॉलच्या भिंतीला खिळे आहेत आमचे. म्हणाले, "सात आहेत. तीन आमचे होते."


झब्बू
९ जून, सकाळी १०:३१

मोजले होते!!


दस्तलेखक_नव्हे
९ जून, सकाळी १०:४५

नऊ वर्षं करार नोंदलेला नाही म्हणजे कलम ५५. काकांना सांगू नका, पण ५,००० दंडाची तरतूद आहे.


सातारा_रोड
९ जून, सकाळी १०:५२

तलाठी होते हो. त्यांना माहीत असणारच.